भाड्याच्या घरातील अग्निशस्त्रे

भाड्याच्या घरातील अग्निशस्त्रे : भाड्याने घेतलेल्या राहत्या जागेत भाडेकरूला बंदूक, पिस्तूल, रिव्हॉल्व्हर यांसारखी अग्निशस्त्रे व त्यांचा दारूगोळा ठेवता येतो किंवा नाही, ठेवल्यास कोणत्या मर्यादेत, आणि त्यास मनाई करण्याचा अधिकार घरमालकाला कितपत आहे, यांसंबंधीचे विधिनियम. ज्या देशांत शस्त्र बाळगणे ही शासनाने परवान्याद्वारे दिलेली सवलत मानली जाते, तेथे हा प्रश्न मुख्यतः परवानाधारक आणि परवाना देणारा अधिकारी यांच्यामधील असतो. घरमालकाचे स्थान त्यात गौण ठरते. ज्या देशात शस्त्र बाळगणे हा नागरिकाचा संविधानदत्त हक्क आहे, तेथे मात्र त्या हक्काची गाठ घरमालकाच्या मालमत्तेच्या हक्काशी पडते. अमेरिकेची संयुक्त संस्थाने (अ. सं. सं.) हे अशा देशाचे प्रमुख उदाहरण होय. तेथील सुमारे एक तृतीयांश कुटुंबे भाड्याच्या घरात राहतात. त्यामुळे या विषयावरील कायदे व न्यायनिर्णय जेवढे त्या देशात झाले आहेत, तेवढे अन्यत्र झालेले नाहीत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः त्यांचाच विचार केला असून शेवटी भारतातील स्थिती दिली आहे.

प्रश्नाचे स्वरूप : आंग्ल विधिपरंपरेत भाडेपट्ट्याचे रूप दुहेरी आहे. एका बाजूने तो करार असतो व त्यात उभय पक्षांना मान्य होतील त्या अटी घालता येतात. दुसऱ्या बाजूने तो मालमत्तेतील हितसंबंधाचे हस्तांतरण असतो. म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरता जागेचा ताबा भाडेकरूकडे जातो आणि त्या जागेचा निर्वेध उपभोग घेण्याचा हक्क त्याला मिळतो. भाडेकरूचे म्हणणे या दुसऱ्या बाजूवर आधारलेले असते. घर भाड्याचे असले, तरी ते त्याचे घरच होय आणि घरात स्वसंरक्षण करण्याचा हक्क भाडेपावतीमुळे कमी होत नाही, असे तो म्हणतो. घरमालक पहिल्या बाजूचा आधार घेतो. घरात कुत्रा पाळू नये, धूम्रपान करू नये, अशा अटी जर करारात घालता येतात, तर बंदूक ठेवू नये, ही अट का घालता येऊ नये, असा त्याचा प्रश्न असतो.

यात तिसराही एक पक्ष असतो व तो करारावर सही करीत नाही, तो म्हणजे शेजारी. अमेरिकेतील बहुमजली भाड्याच्या इमारतींत खोल्यांमधील पडद्या बहुधा लाकडी चौकटीवर जिप्समचे तक्ते ठोकून केलेल्या असतात. पिस्तुलाची गोळी अशी पडदी सहज भेदून पलीकडच्या खोलीत जाते. स्वतंत्र बंगल्यातील बंदूक आणि चाळवजा इमारतीतील बंदूक यांचा धोका म्हणूनच सारखा नसतो. शिवाय त्या देशातील बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्येचे असतात, ही गोष्ट घरातील शस्त्राचा विचार करताना दृष्टीआड करता येत नाही. याच्या उलट बाजूस हेही खरे, की ज्या वस्तीत पोलीस वेळेवर पोहोचत नाहीत, अशा वस्तीतच भाडेकरूंची संख्या मोठी असते आणि संरक्षणाची निकड त्यांनाच अधिक भासते.

दुसरी संविधानदुरुस्ती आणि शासकीय कृतीचा सिद्धांत : शस्त्रे बाळगण्याचा व वागविण्याचा लोकांचा हक्क अमेरिकेच्या संविधानातील दुसऱ्या दुरुस्तीने (१७९१) मान्य केला. हा हक्क नागरी सेनेपुरता मर्यादित आहे की प्रत्येक व्यक्तीचा आहे, यासंबंधी दीर्घकाळ वाद चालला. वॉशिंग्टन शहराने १९७६ मध्ये केलेल्या कायद्याने घरात पिस्तूल ठेवण्यास जवळजवळ संपूर्ण बंदी घातली होती. हेलर खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती बंदी रद्द केली आणि घरात स्वसंरक्षणासाठी शस्त्र ठेवणे हा व्यक्तीचा हक्क असल्याचा निर्णय दिला. शाळा, शासकीय इमारती यांसारख्या संवेदनशील ठिकाणी शस्त्रबंदी करणारे कायदे मात्र या निर्णयामुळे बाधित होत नाहीत, असेही न्यायालयाने नमूद केले. पुढे मॅक्डॉनल्ड खटल्यात (२०१०) हा हक्क राज्ये व नगरपालिका यांच्याविरुद्धही लागू असल्याचे ठरले आणि शिकागो शहराने १९८२ पासून अमलात आणलेली पिस्तूलबंदी कोसळली. ब्रूएन खटल्यात (२०२२) शस्त्रावरील निर्बंधांची कसोटीच बदलण्यात आली. निर्बंध उपयुक्त आहे, एवढे दाखविणे पुरेसे राहिले नाही. तो राष्ट्राच्या शस्त्रनियमनाच्या ऐतिहासिक परंपरेशी सुसंगत असल्याचे शासनाने सिद्ध करावे, असे न्यायालयाने ठरविले.

या तिन्ही निर्णयांत घर या शब्दाला मोठे महत्त्व आहे. तरीही त्यांचा लाभ सर्व भाडेकरूंना मिळत नाही. याचे कारण शासकीय कृतीच्या सिद्धांतात आहे. संविधानातील मूलभूत हक्क शासनाला बांधतात, खाजगी व्यक्तीला बांधत नाहीत, असे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मधील नागरी हक्कांच्या खटल्यांत ठरविले व ते तत्त्व आजही टिकून आहे. घरमालक खाजगी असेल, तर त्याने करारात घातलेल्या बंदुकबंदीविरुद्ध दुसऱ्या दुरुस्तीचा आधार घेता येत नाही. घरमालक जर शासकीय संस्था असेल, तर तो आधार घेता येतो. परिणामी, शासकीय वसाहतीत अल्प भाड्याने राहणाऱ्या गरीब कुटुंबाला जे संविधानाचे संरक्षण मिळते, ते खाजगी इमारतीत भरमसाट भाडे देणाऱ्या श्रीमंत भाडेकरूला मिळत नाही. या विषयातील बहुतेक गुंतागुंत येथूनच निर्माण झाली आहे.

या सिद्धांताला वळसा घालण्याचा एक युक्तिवाद भाडेकरूंच्या वतीने केला जातो. शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात (१९४८) कृष्णवर्णीयांना घर विकू नये, अशा खाजगी कराराची न्यायालयामार्फत अंमलबजावणी करणे ही शासकीय कृतीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते. त्याच न्यायाने, बंदूक ठेवल्याबद्दल भाडेकरूला घराबाहेर काढण्याचा हुकूम न्यायालय देते, तेव्हा तीही शासकीय कृती ठरावी, असा हा युक्तिवाद आहे. तर्काच्या दृष्टीने तो कच्चा नाही. परंतु तो मान्य केल्यास प्रत्येक खाजगी करार संविधानाच्या कक्षेत येईल. म्हणून न्यायालयांनी शेली खटल्यातील तत्त्व बव्हंशी वंशभेदाच्या प्रकरणांपुरतेच सीमित ठेवले आहे.

खाजगी घरमालक : राज्याच्या कायद्याने मनाई केलेली नसल्यास खाजगी घरमालक शस्त्रबंदीची अट करारात घालू शकतो आणि ती मोडणाऱ्या भाडेकरूविरुद्ध घर खाली करून घेण्याची कारवाई करू शकतो. टेनेसी राज्याच्या महान्यायवादीने २००९ मध्ये दिलेल्या अभिमतात पिस्तूल वागविण्याचा परवाना असलेल्या भाडेकरूच्या बाबतीतही घरमालकाचा हा अधिकार मान्य केला होता. बंदूक बाळगणाऱ्यास घर भाड्याने न देणे हाही भेदभाव ठरत नाही. १९६८ च्या न्याय्य गृहव्यवहार कायद्याने वंश, वर्ण, धर्म व राष्ट्रीय मूळ यांवरून घर नाकारण्यास मनाई केली; १९७४ मध्ये लिंग आणि १९८८ मध्ये अपंगत्व व मुलाबाळांसह राहणे ही कारणे तीत जोडण्यात आली. शस्त्रधारकांचा त्या यादीत समावेश नाही.

करारात शस्त्रासंबंधी काहीच लिहिलेले नसल्यास कायदेशीर शस्त्र ठेवण्यास भाडेकरूला मोकळीक असते. मुदत चालू असताना घरमालकाला नवी अट एकतर्फी लादता येत नाही. त्यासाठी नूतनीकरणाची वेळ यावी लागते. तसेच बंदूक दिसली म्हणून ती उचलून नेण्याचा अधिकार घरमालकाला नाही. दुरुस्तीच्या निमित्ताने तो घरात येऊ शकतो, पण भाडेकरूच्या वस्तूंची झडती घेऊ शकत नाही. पोलिसांनाही तो अशी परवानगी देऊ शकत नाही. जॉर्जिया राज्यात एका भाड्याच्या घरातून दारू गाळण्याचा वास आल्यामुळे घरमालकाने पोलिसांना बोलावले व त्याच्या संमतीने पोलीस खिडकीतून आत शिरले. चॅपमन खटल्यात (१९६१) सर्वोच्च न्यायालयाने ही झडती बेकायदेशीर ठरविली. ताबा भाडेकरूचा असल्यामुळे संमतीही त्याचीच हवी, हे त्यातील तत्त्व शस्त्रांच्या बाबतीतही तितकेच लागू पडते.

राज्यांचे कायदे : संविधानाने मोकळी ठेवलेली ही जागा काही राज्यांनी कायदे करून भरून काढली. मिनेसोटा राज्याच्या कायद्यातील तरतूद सर्वांत त्रोटक व सर्वांत व्यापक आहे. भाडेकरू व त्याचे पाहुणे यांनी कायदेशीर रीत्या शस्त्र वागविण्यावर वा बाळगण्यावर घरमालकाला निर्बंध घालता येत नाही, एवढेच ती सांगते. ओहायओ राज्याने परवानाधारक भाडेकरूंपुरते आणि केवळ पिस्तुलांपुरते असे संरक्षण दिले असून ९ सप्टेंबर २००८ रोजी वा त्यानंतर झालेल्या भाडेकरारांना ते लागू आहे. टेक्सस राज्याने २०१९ मध्ये केलेला कायदा अधिक तपशीलवार आहे. घरात, भाडेकरूंसाठी राखलेल्या वाहनतळावरील वाहनात आणि घर व वाहन यांच्याकडे जाण्यायेण्यासाठी आवश्यक असलेल्या मार्गावर कायदेशीर शस्त्र बाळगण्यास घरमालकाला मनाई करता येत नाही. जिन्यातून बंदूक नेता येत नसेल, तर ती घरात ठेवण्याची मुभा निरर्थक ठरते, हे या कायद्याच्या कर्त्यांनी ओळखलेले दिसते. बहुतेक राज्यांत असा कोणताही कायदा नाही व तेथे करारातील अटच निर्णायक ठरते.

या कायद्यांवरील आक्षेप लक्षणीय आहे. एरवी शस्त्रस्वातंत्र्याचा आणि मालमत्तेच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार करणारे लोक बहुधा एकच असतात. येथे ती दोन स्वातंत्र्ये परस्परांविरुद्ध उभी राहतात. आपल्या इमारतीत बंदुका नकोत, असे म्हणणाऱ्या घरमालकावर शासनाने सक्ती करणे हेच स्वातंत्र्यावरील आक्रमण होय, असे घरमालकांच्या बाजूने मांडले जाते.

शासकीय गृहवसाहती : १९३७ च्या गृहनिर्माण कायद्यान्वये अमेरिकेत अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी सार्वजनिक घरे बांधण्याचा व्यापक कार्यक्रम सुरू झाला. ती घरे स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरणांच्या ताब्यात असतात व त्यांना संघशासनाचे अर्थसाहाय्य मिळते. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या शहरांत उभ्या राहिलेल्या अशा वसाहतींपैकी काही पुढे गुन्हेगारीने ग्रासल्या गेल्या. शिकागोतील रॉबर्ट टेलर वसाहत हे त्याचे ठळक उदाहरण. १९६२ मध्ये पूर्ण झालेल्या या वसाहतीत सोळा मजल्यांच्या २८ इमारती होत्या. तेथे टोळ्यांच्या गोळीबाराने कळस गाठला, तेव्हा शिकागोच्या प्राधिकरणाने घरोघर शिरून वॉरंटाविना शस्त्रे शोधण्याची मोहीम हाती घेतली. काही भाडेकरूंनी न्यायालयात धाव घेतली आणि संघीय न्यायालयाने १९९४ मध्ये मनाई हुकूम काढून या झडत्या थांबविल्या. त्यावर राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या प्रशासनाने भाडेकरारातच झडतीच्या संमतीचे कलम घालण्याचा मार्ग सुचविला. ज्याला दुसरे घर परवडत नाही, त्याने दिलेली संमती कितपत खरी, हा प्रश्न तेव्हा उपस्थित झाला. वसाहतीतील रहिवाशांतच यावर तीव्र मतभेद होते. अनेकांना, विशेषतः लहान मुलांच्या मातांना, झडत्या हव्या होत्या. या वसाहतीच्या इमारती पुढे टप्प्याटप्प्याने पाडण्यात आल्या व २००७ मध्ये शेवटची इमारत नाहीशी झाली.

हेलर निर्णयापूर्वी वसाहतीतील शस्त्रबंदीविरुद्धचा लढा मुख्यतः राज्याच्या कायद्यांच्या आधारे चाले. मेन राज्यातील पोर्टलंड येथील प्राधिकरणाची बंदी तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अवैध ठरविली. परंतु ती शस्त्रहक्काच्या भंगामुळे नव्हे, तर शस्त्रनियमनाचा विषय राज्य विधिमंडळाने स्वतःकडे राखून ठेवला असून स्थानिक संस्थेला त्यात हात घालता येत नाही, या कारणावरून. व्हर्जिनियातील रिचमंड शहरात मात्र प्राधिकरणाची शस्त्रबंदीची अट संघीय न्यायालयाने १९९० मध्ये वाजवी ठरविली होती. हेलर निर्णयानंतर चित्र पालटले. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या प्राधिकरणाविरुद्ध त्याच वर्षी दावा दाखल झाला व २००९ मध्ये तडजोड होऊन तेथील बंदी उठली.

या विषयावरील सर्वांत विचारपूर्ण निर्णय डेलावेअर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा आहे. विल्मिंग्टन शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने आपल्या घरांत शस्त्र ठेवण्यास पूर्ण बंदी घातली होती. दोन भाडेकरूंनी २०१० मध्ये दावा दाखल केला. मॅक्डॉनल्ड निर्णय नुकताच झालेला असल्याने प्राधिकरणाने माघार घेऊन सुधारित नियम केले. भाडेकरूने स्वतःच्या खोल्यांत शस्त्र ठेवण्यास हरकत नाही. परंतु दिवाणखाना, कपडे धुण्याची खोली, मार्गिका अशा सामाईक जागांत ते उघड बाळगू अथवा वागवू नये, एवढा एक नियम झाला. खोलीत येताजाता शस्त्र नेण्यास सूट होती. नियमभंगाचा वाजवी संशय आल्यास भाडेकरूने परवान्याचे कागदपत्र दाखवावेत, हा दुसरा नियम. संघीय जिल्हा न्यायालयाने २०१२ मध्ये हे नियम वैध ठरविले. अपिलात संघीय न्यायालयाने डेलावेअरच्या स्वतःच्या संविधानाचा अर्थ त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडून मागविला. त्या संविधानात १९८७ मध्ये घातलेले कलम दुसऱ्या दुरुस्तीपेक्षा स्पष्ट आहे. स्वतःचे, कुटुंबाचे, घराचे व राज्याचे संरक्षण, तसेच शिकार व मनोरंजन हे सर्व हेतू त्यात सांगितले आहेत.

आपण येथे शासन म्हणून नव्हे, तर घरमालक म्हणून वागत आहोत आणि इमारतीचा धनी या नात्याने वाजवी नियम करण्याचा आपणास अधिकार आहे, असे प्राधिकरणाचे म्हणणे होते. आपल्या इमारती या शासकीय इमारतीच असल्याने हेलर निर्णयातील अपवाद त्यांना लागू पडतो, असेही सुचविण्यात आले. न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये दोन्ही मुद्दे एकमताने फेटाळले. इमारत शासनाची असली, तरी ती कचेरी नाही, लोकांचे घर आहे. सामाईक जागा हा रहिवाशाच्या घराचाच विस्तार असून तेथे रोज वावरणे त्याला चुकत नाही. तेथे पाऊल टाकताना त्याने स्वसंरक्षणाचा हक्क उंबरठ्याच्या आत ठेवून यावा, ही अपेक्षा गैर आहे, असा न्यायालयाच्या विवेचनाचा आशय होता. पहिला नियम अशा रीतीने रद्द झाल्यावर त्याच्या अंमलबजावणीसाठी केलेला दुसरा नियमही टिकला नाही. या निर्णयाचे तर्कशास्त्र भाडेकरूच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीने मोलाचे आहे, हे मान्य करावे लागते. तथापि सामाईक दिवाणखान्यात बसलेल्या दुसऱ्या, निःशस्त्र भाडेकरूच्या सुरक्षिततेचा विचार त्यात पुरेसा झाला, असे म्हणता येत नाही. आणि तोही त्याच वसाहतीत, तितक्याच नाइलाजाने राहत असतो.

नंतरच्या निर्णयांचा ओघ याच दिशेने आहे. इलिनॉय राज्यातील ईस्ट सेंट लुइस येथे घरातच हिंसाचाराला बळी पडलेल्या एका स्त्रीने तेथील प्राधिकरणाच्या बंदीला आव्हान दिले व २०१९ मध्ये संघीय न्यायालयाने त्या बंदीच्या अंमलबजावणीस कायमचा मनाई हुकूम दिला. टेनेसी राज्यातील कोलंबिया येथे घरात स्वसंरक्षणासाठी शस्त्र ठेवणाऱ्या भाडेकरूला काढून टाकण्यासाठी प्राधिकरणाने दावा केला. खालच्या न्यायालयात प्राधिकरणाचा विजय झाला; पण अपील न्यायालयाने २०२२ मध्ये, ब्रूएन निर्णयानंतर काही महिन्यांतच, तो निर्णय उलटविला. भाडेकरूने करारावर सही केली होती, एवढ्याने तो बांधला जात नाही. शासनाने घर देण्याच्या बदल्यात संविधानदत्त हक्क सोडून देण्याची अट घालणे अवैध होय, असा त्याचा अर्थ आहे. म्हणजे टेनेसी राज्यात खाजगी घरमालकाच्या बाबतीत २००९ मध्ये मान्य झालेली अट शासकीय घरमालकाच्या बाबतीत मात्र असंविधानिक ठरली. खाजगी घरमालकाला शासनाकडून भाड्याचे अनुदान मिळत असेल, तर तो कोणत्या बाजूस गणावा, हा प्रश्न मधला आहे. केवळ अनुदान घेतल्याने तो शासनाचा घटक बनत नाही, असे सामान्यतः मानले जाते.

सुरक्षित ठेवण व दायित्व : शस्त्र ठेवण्यास मुभा असली, तरी ते कसे ठेवावे यावर बंधने असू शकतात. मॅसॅचूसेट्ससारख्या राज्यांत वापरात नसलेले शस्त्र कुलूपबंद ठेवणे बंधनकारक आहे. येथे भाडेकरूची एक व्यावहारिक अडचण होते. शस्त्रांची लोखंडी तिजोरी चोरीला जाऊ नये म्हणून ती भिंतीला वा जमिनीला खिळवावी लागते आणि भिंतीला भोक पाडण्यास घरमालकाची संमती लागते. काडतुसे घरी भरणाऱ्या हौशी नेमबाजांकडील स्फोटक चूर्णाचा साठा अग्निशमनाच्या नियमांनी मर्यादित केलेला असतो. शिवाय इमारतीचा विमाही त्यामुळे अडचणीत येण्याचा संभव असतो.

भाडेकरूच्या बंदुकीने तिसऱ्याला इजा झाल्यास घरमालक सामान्यतः जबाबदार धरला जात नाही, कारण जागेचा ताबा त्याच्याकडे नसतो. मात्र धोका त्याला प्रत्यक्ष माहीत असेल व तो टाळण्याची शक्ती त्याच्याकडे असेल, तर प्रश्न वेगळा होतो. भाडेकरूचा कुत्रा हिंस्र असल्याचे ठाऊक असूनही स्वस्थ बसलेल्या घरमालकाला कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने १९७५ मध्ये दायित्वातून मुक्त केले नव्हते. बंदुकांच्या दाव्यांत या निर्णयाचे साधर्म्य पुढे केले जाते. त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कास्टान्येडा खटल्यात (२००७) त्याला मर्यादा घातली. टोळीच्या गोळीबारात जखमी झालेल्या रहिवाशाने केलेल्या त्या दाव्यात, टोळीशी संबंध असल्याचा संशय असलेल्यांना जागा नाकारण्याचे कर्तव्य घरमालकावर लादता येत नाही, असे न्यायालय म्हणाले. तसे केल्यास घरमालक पेहराव व वंश पाहून माणसे टाळू लागतील, अशी त्यामागे भीती होती.

काही व्यक्तींना संघीय कायद्यानेच शस्त्र बाळगण्यास मनाई आहे. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेले, तसेच कौटुंबिक हिंसाचाराबाबत न्यायालयाचा संरक्षक आदेश ज्यांच्याविरुद्ध आहे असे लोक त्यांत मोडतात. दुसऱ्या वर्गावरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने राहिमी खटल्यात (२०२४) आठ विरुद्ध एक मताने वैध ठरविली. तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या परदेशीयांनाही, शिकारीचा परवाना असण्यासारखे काही अपवाद वगळता, ही मनाई लागू आहे. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी तेथे गेलेले अनेक महाराष्ट्रीय तरुण इतरांसमवेत एकत्र घर भाड्याने घेतात. सोबत्याची बंदूक सामाईक कपाटात असेल आणि ती हाताळणे त्यांना शक्य असेल, तर ताब्याचा आरोप त्यांच्यावरही येऊ शकतो, याची त्यांना बहुधा कल्पना नसते.

भारतातील स्थिती : भारताच्या संविधानाने शस्त्र बाळगण्याचा हक्क दिलेला नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील शस्त्र नियम, २०१६ यांनुसार अग्निशस्त्रासाठी परवाना आवश्यक असतो. तो जिल्हादंडाधिकारी, किंवा पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त, देतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या सर्वसाधारणपणे तीनवरून दोनवर आणली. परवाना व्यक्तीच्या नावे असतो व त्यात तिचा पत्ता असतो. म्हणून घर बदलणाऱ्या परवानाधारक भाडेकरूने नव्या पत्त्याची माहिती परवाना अधिकाऱ्याला कळविणे आवश्यक असते. परवान्याच्या अटींचा भंग हा स्वतंत्र अपराध आहे. घरमालकाची संमती ही परवान्याची पूर्वअट नाही. परंतु करारात शस्त्रबंदीची अट घालण्यास घरमालकाला संविधानाचा अडसरही नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अन्वये संरक्षित भाडेकरूला मात्र केवळ बंदूक ठेवली म्हणून सहज काढता येणार नाही. शेजाऱ्यांना उपद्रव किंवा जागेच्या बेकायदेशीर वापराबद्दल झालेली शिक्षा यांसारखे कलम १६ मधील कारण सिद्ध करावे लागेल.

बिनपरवाना शस्त्राच्या बाबतीत महत्त्वाचा प्रश्न ताब्याचा असतो. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात (१९७२) सर्वोच्च न्यायालयाने ताबा हा जाणीवपूर्वक असला पाहिजे, हे स्पष्ट केले. त्याचबरोबर शस्त्र प्रत्यक्ष जवळ नसले, तरी त्यावर नियंत्रण असल्यास तो ताबाच होय, असेही म्हटले. त्यामुळे खोली भाड्याने देऊन टाकणारा मालक तेथे सापडलेल्या शस्त्राबद्दल आपोआप दोषी ठरत नाही. एकत्र राहणाऱ्यांची स्थिती याहून बिकट आहे. अधिनियमाच्या कलम ३५ नुसार अनेकांच्या संयुक्त वहिवाटीतील जागेत अपराधास कारणीभूत शस्त्र सापडल्यास, त्याची माहिती असल्याचे मानण्यास ज्यांच्याबाबत कारण आहे, असा प्रत्येक जण विरुद्ध सिद्ध होईपर्यंत एकट्यानेच अपराध केल्याप्रमाणे जबाबदार धरला जातो. खोलीत सहभागी होऊन राहणारे विद्यार्थी व नोकरदार, तसेच कुटुंबात सशुल्क पाहुणा ठेवणारे घरमालक या कलमाच्या कक्षेत येऊ शकतात. कलम ३६ नुसार या अधिनियमाखालील अपराधाची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने, वाजवी सबब नसल्यास, ती नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा दंडाधिकाऱ्याकडे कळविली पाहिजे; सबब वाजवी असल्याचे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावरच असतो. यांखेरीज मुंबईसारख्या शहरांत भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याचे आदेश वेळोवेळी काढले जातात. ते पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ अन्वये काढले जात असत. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली आहे.